वळिवडे छावणीतील पोलिश कुटुंबजीवन आणि कोल्हापुरी समाज

वळिवडे छावणी ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूर संस्थानात पोलिश निर्वासितांसाठी उभारलेली वसाहत होती. कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, करवीर तालुक्यातील वळिवडे गावाजवळ ती १९४३ ते १९४८ या काळात अस्तित्वात होती. तेथे सुमारे पाच हजार पोलिश नागरिक राहत होते. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचा भरणा होता. प्रौढ पुरुष अल्पसंख्य होते. युरोपातील कॅथलिक समाज आणि दक्षिण महाराष्ट्रातील समाज या निमित्ताने पाच वर्षे एकमेकांच्या शेजारी राहिले. दोन्ही समाजांत कुटुंब, वडीलधाऱ्यांचा मान व धर्माचरण यांना मोठे स्थान होते. विवाहाचे नियम, नातेव्यवस्था आणि स्त्रियांचा सार्वजनिक वावर यांबाबत मात्र त्यांच्यात ठळक भेद होते. प्रस्तुत लेखात छावणीतील पोलिश कुटुंबजीवन व चालीरीती यांची तत्कालीन कोल्हापुरी समाजाशी तुलना केली आहे.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने व पूर्वेकडून सोव्हिएत संघाने पोलंडवर आक्रमण केले. सोव्हिएत संघाने व्यापलेल्या पूर्व पोलंडमधून १९४० व १९४१ या वर्षांत लक्षावधी नागरिकांना कुटुंबांसह सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तर रशियात हद्दपार करण्यात आले. हद्दपार झालेल्यांमध्ये शेतकरी, माजी सैनिक, वनरक्षक, शिक्षक, सरकारी नोकर अशा सर्व थरांतील कुटुंबे होती. थंडी, उपासमार व रोगराई यांमुळे अनेक कुटुंबांतील वृद्ध आणि लहान मुले दगावली.

जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर ३० जुलै १९४१ रोजी लंडनस्थित पोलिश सरकार व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि हद्दपार केलेल्या पोलिश नागरिकांची मुक्तता करण्यात आली. जनरल आंदर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सेना उभी राहिली. १९४२ मध्ये ही सेना व तिच्याबरोबरचे नागरिक कॅस्पियन समुद्रामार्गे इराणला पोहोचले. पुरुष सेनेत दाखल झाले. स्त्रिया, मुले आणि वृद्ध यांची सोय इराण, पूर्व आफ्रिका, भारत इत्यादी ठिकाणी करण्यात आली.

भारतात नवानगर संस्थानाचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. त्यानंतर कोल्हापूरजवळ कुटुंबांसाठी मोठी वसाहत उभारण्यात आली. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांचे १९४० मध्ये निधन झाले होते आणि गादीवरील वारस अल्पवयीन होते. सौम्य हवामान, पाण्याची उपलब्धता व रेल्वेची सोय ही वळिवड्याची जमेची बाजू होती. निर्वासित कराचीमार्गे येथे आले.

छावणीची रचना

छावणीत लांबलचक कौलारू बराकी होत्या. प्रत्येक बराक लहान लहान घरांमध्ये विभागलेली असे. घरात खोल्या, स्वयंपाकाची जागा व पुढे पडवी अशी व्यवस्था होती. कुटुंबांना मासिक भत्ता मिळे आणि ती आपापला स्वयंपाक करीत. अनाथ मुलांसाठी स्वतंत्र अनाथाश्रम होता. चर्च, रुग्णालय, टपाल कार्यालय, रंगमंच, प्राथमिक व माध्यमिक शाळा आणि बाजार यांमुळे छावणीला लहानशा पोलिश गावाचे रूप आले होते. भाजीपाला, फळे, अंडी वगैरे जिन्नस स्थानिक विक्रेते पुरवीत.

स्वतंत्र चूल ही बाब निर्वासितांच्या दृष्टीने महत्त्वाची होती. हद्दपारीच्या काळात कुटुंबांना सामुदायिक झोपड्यांत व श्रमछावण्यांत राहावे लागले होते. वळिवडे येथे अनेक वर्षांनंतर आईच्या हातचे जेवण, ठरलेली जेवणाची वेळ आणि स्वतःचे दार या गोष्टी त्यांना पुन्हा मिळाल्या.

कुटुंबाची घडण

तत्कालीन कोल्हापूर परिसरातील शेतकरी समाजात एकत्र कुटुंब हा आदर्श मानला जाई. आजोबा, त्यांचे मुलगे, सुना व नातवंडे एका घरात राहत. शेतजमीन सामाईक असे. कर्त्या पुरुषाकडे व्यवहाराची, तर त्याच्या पत्नीकडे किंवा आईकडे स्वयंपाकघराची सूत्रे असत. घराबाहेरही भावकी, कूळ, देवक व कुलदैवत यांची बंधने होती. वाडी रत्नागिरीचा जोतिबा अथवा करवीरची अंबाबाई यांच्याशी कुटुंबाचे नाते पिढ्यान्‌पिढ्या चालत येई.

पोलिश ग्रामीण कुटुंबही पितृसत्ताक होते. परंतु विवाहानंतर वेगळे घर मांडणे तेथे अधिक रूढ होते. नाती आईच्या व वडिलांच्या बाजूने जवळजवळ सारखीच मानली जात. याउलट मराठीत काका, मामा, आत्या, मावशी, चुलत, आते, मामे व मावस या शब्दांतून नात्याची बाजू स्पष्ट होते आणि त्यानुसार मानपान व कर्तव्ये ठरतात.

वळिवड्यातील कुटुंबांचे सर्वांत मोठे वेगळेपण म्हणजे वडिलांची अनुपस्थिती. बहुसंख्य पुरुष इराक, पॅलेस्टाईन, इजिप्त व पुढे इटलीच्या आघाडीवर होते. काही सोव्हिएत संघात बेपत्ता झाले होते. मे १९४४ मधील मोंते कासिनोच्या लढाईत पोलिश सैन्याची मोठी हानी झाली. त्यामुळे पत्नी, आई, शिक्षिका, परिचारिका व धर्मगुरू यांच्यावरच छावणीतील समाजव्यवस्था उभी राहिली. पैशाचा हिशोब, मुलांचे शिक्षण, आजारपण आणि पुढे कोणत्या देशात जायचे हे निर्णय स्त्रियांना घ्यावे लागले. पोलिश समाजात मातेला राष्ट्राची भाषा व श्रद्धा जपणारी मानण्याची परंपरा अठराव्या शतकातील पोलंडच्या फाळणीनंतर दृढ झाली होती. वळिवड्यात ती प्रत्यक्ष गरज बनली.

पती लांब असताना स्त्रीने घर चालवणे कोल्हापूरलाही नवे नव्हते. मराठा सैनिकांची परंपरा असलेल्या गावांतील अनेक पुरुष याच महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यात होते. मात्र तेथे सैनिकाच्या पत्नीला सासू-सासरे, दीर-जावा व भावकी यांचा आधार असे आणि त्यांचा धाकही असे. पोलिश स्त्रीला असा आधारही नव्हता व धाकही नव्हता.

संबोधने व आदरभाव

पोलिश भाषेत अपरिचित किंवा ज्येष्ठ पुरुषाला ‘पान’ आणि स्त्रीला ‘पानी’ असे संबोधून तृतीयपुरुषी क्रियापद वापरतात. मराठीतील ‘आपण’ या संबोधनाशी त्याचे कार्य काहीसे जुळते. जुन्या ग्रामीण पोलंडमध्ये मुले आईवडिलांना आदरार्थी अनेकवचनाने संबोधीत. मराठी घरांत वडिलांना ‘तुम्ही’ व आईला ‘तू’ म्हणण्याची रीत सर्वपरिचित आहे; पोलिश रीतीत आई व वडील यांच्यात असा भेद नव्हता.

दोन्ही समाजांतील मुले रक्ताचे नाते नसलेल्या प्रौढांनाही नात्याने हाक मारीत. कोल्हापुरात मामा, मावशी, आक्का, तात्या अशी संबोधने सर्रास वापरली जातात. पोलिश मुलेही घरोब्यातील व्यक्तींना काका किंवा मावशी या अर्थाच्या शब्दांनी संबोधतात.

आदर व्यक्त करण्याच्या पद्धती भिन्न होत्या. मराठी समाजात वयाने किंवा नात्याने मोठ्या व्यक्तीच्या पाया पडतात. स्त्री-पुरुषांनी परस्परांना स्पर्श करून अभिवादन करणे शिष्टसंमत नव्हते. पोलिश समाजात हस्तांदोलन, गालांचे चुंबन आणि पुरुषाने विवाहित स्त्रीच्या हाताचे चुंबन घेणे हे सभ्यतेचे लक्षण मानले जाई. पोलिश पती-पत्नी एकमेकांना नावाने अथवा लाडक्या नावाने हाक मारीत; मराठी पत्नी पतीचे नाव उच्चारत नसे व मंगलप्रसंगी उखाण्यातच ते घेई.

नावांच्या बाबतीतही साम्य आणि भेद दिसतात. अनेक पोलिश आडनावांची पुल्लिंगी व स्त्रीलिंगी रूपे वेगळी असतात. ‘स्की’ने संपणारे आडनाव स्त्रीच्या बाबतीत ‘स्का’ने संपते. मराठी आडनाव बदलत नाही, पण स्त्रीच्या नावामागे आधी वडिलांचे व विवाहानंतर पतीचे नाव लागते.

विवाह

पोलिश कॅथलिक विवाह हा वधूवरांच्या संमतीने चर्चमध्ये होणारा संस्कार होता. आईवडिलांचे मत महत्त्वाचे असले आणि ग्रामीण भागात जमीन व हुंड्याचा विचार होत असला, तरी तरुण-तरुणींची आधीपासून ओळख असणे गैर मानले जात नसे. चर्चच्या नियमांनुसार घटस्फोट अमान्य होता. विधवेच्या पुनर्विवाहाला मात्र धार्मिक हरकत नव्हती. सख्ख्या चुलत, आते, मामे व मावस भावंडांतील विवाह चर्चच्या खास परवानगीवाचून होऊ शकत नसे.

कोल्हापूर परिसरात विवाह जातीअंतर्गत व वडीलधाऱ्यांनी ठरवलेला असे. समान देवक असलेल्या कुटुंबांत सोयरीक होत नसे. मामाच्या मुलीशी विवाह मात्र दक्षिण महाराष्ट्रातील अनेक जातींत संमत होता व पसंतही केला जाई. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेच्या अभ्यासात महाराष्ट्राला उत्तर व दक्षिण या दोन पद्धतींमधला प्रदेश मानले आहे. जो विवाह एका समाजाला निषिद्ध वाटे, तोच दुसऱ्याला नाते घट्ट करणारा वाटे, याचे हे ठळक उदाहरण होय.

विधवांच्या स्थितीत जातीनुसार फरक होता. अनेक जातींत पाट लावण्याची रीत होती, तर उच्च मानल्या गेलेल्या कुटुंबांत पुनर्विवाह वर्ज्य असे. राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानात १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहास आणि १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहास कायदेशीर मान्यता दिली होती. त्यामुळे कायद्याच्या बाबतीत कोल्हापूर अनेक संस्थानांच्या पुढे होते. घराघरांतील रूढी बदलण्यास मात्र अधिक काळ लागला.

छावणीतील एका पोलिश तरुणीने कोल्हापुरातील युवकाशी विवाह केला व छावणी बंद झाल्यानंतरही ती कोल्हापुरातच राहिली. असे विवाह अपवादात्मक होते. धर्म, भाषा व जात यांबरोबरच लवकरच येथून जायचे आहे ही निर्वासितांची भावनाही त्यास कारणीभूत होती.

सण व संस्कार

छावणीतील वर्ष कॅथलिक पंचांगानुसार चाले. नाताळच्या पूर्वसंध्येचे भोजन, म्हणजे ‘विगिल्या’, हा पोलिश कुटुंबाचा सर्वांत महत्त्वाचा सोहळा होय. आकाशात पहिली चांदणी दिसल्यावर ‘ओप्वातेक’ नावाची पातळ पवित्र पोळी एकमेकांबरोबर मोडून खातात व शुभेच्छा देतात. परंपरेने हे भोजन मांसरहित असते. बीटाचे सार, सारण भरलेल्या ‘प्येरोगी’, मासे व खसखशीचे गोड पदार्थ त्यात असतात. प्येरोगीचा आकार करंजीची आठवण करून देतो. पानात एक जागा रिकामी ठेवण्याची प्रथा आहे. ती अनपेक्षित पाहुण्यासाठी असते, तसेच अनुपस्थित कुटुंबीयांची आठवण म्हणूनही ती पाहिली जाते. ज्यांच्या घरातील माणसे आघाडीवर, बेपत्ता किंवा मृत होती अशा कुटुंबांना या प्रथेचा अर्थ समजावून सांगावा लागत नसे.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांवर पाणी उडवण्याचा पोलिश खेळ आणि कोल्हापुरातील रंगपंचमी यांत सहज लक्षात येणारे साम्य आहे. दोन्ही सण वसंत ऋतूत साधारण एकाच सुमारास येतात. १ नोव्हेंबर रोजी पोलिश कुटुंबे थडग्यांवर दिवे लावून पूर्वजांचे स्मरण करतात. मराठी समाजात भाद्रपदातील पितृपक्षात श्राद्ध घालतात. स्मरणाची भावना समान असली, तरी एकीकडे दफनाची विशिष्ट जागा महत्त्वाची, तर दुसरीकडे तिथी व वंशज महत्त्वाचे ठरतात. हद्दपारीत मेलेल्या आप्तांच्या थडग्यांपर्यंत पोहोचणे वळिवड्यातील कुटुंबांना अशक्य होते.

पोलिश परंपरेत वाढदिवसापेक्षा ‘इम्येनिनी’, म्हणजे ज्या संताचे नाव ठेवले त्याचा दिवस, अधिक उत्साहाने साजरा होई. मराठी बारशाप्रमाणे बाप्तिस्म्याच्या वेळी बालकाला नाव मिळे. बारशात आत्येचा मान असतो, तर बाप्तिस्म्यात धर्ममाता व धर्मपिता यांचा. आईवडील नसल्यास मुलाची काळजी घेणे हे त्यांचे नैतिक कर्तव्य मानले जाते.

आहार व पाहुणचार

पाहुण्याला भाकरी व मीठ देण्याची पोलिश रीत आणि गूळ-पाणी देण्याची मराठी रीत या दोन्हींमागे एकच भाव आहे. मात्र कोणी कोणाबरोबर जेवावे याविषयीचे संकेत निराळे होते. पोलिश कुटुंब एका मेजाभोवती एकत्र जेवे. कोल्हापुरी घरात पुरुष व मुले आधी आणि स्त्रिया नंतर जेवत. सहभोजनावर जातीची बंधने होती. परिसरातील जैन व लिंगायत कुटुंबे शाकाहारी होती, तर मराठा व अन्य अनेक समाजांत मांसाहार रूढ होता. निर्वासितांना बटाटा, कोबी, बीट व राईची काळी भाकरी यांची सवय होती. तिखट रश्श्यांचा कोल्हापुरी आहार त्यांना अपरिचित होता.

शिक्षण व स्त्रियांचा वावर

छावणीत मुलामुलींच्या शिक्षणावर विशेष भर होता. हद्दपारीत मुलांची शाळेची वर्षे वाया गेली होती आणि अनेकांचे पोलिश लेखनवाचन मागे पडले होते. भाषा, इतिहास व धर्म यांचे शिक्षण घेऊन मुले पोलिशच राहिली पाहिजेत, अशी पालक व शिक्षकांची धारणा होती. बालवीर चळवळीत मुलींचाही मोठा सहभाग होता. गायन, नाटके व लोकनृत्ये यांतून पोलंड न पाहिलेल्या किंवा न आठवणाऱ्या मुलांना मायदेशाची ओळख करून दिली जाई.

कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या काळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची सुरुवात झाली होती आणि विविध जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली होती. तथापि मुलींचे शिक्षण विवाहाबरोबर थांबण्याचे प्रमाण मोठे होते. वडीलधाऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घेणे ही सुनेची मर्यादा मानली जाई. या पार्श्वभूमीवर एकट्याने बाजारहाट करणाऱ्या, शिकवणाऱ्या, पुरुषांबरोबर जाहीरपणे नाचणाऱ्या पोलिश स्त्रिया वेगळ्या उठून दिसत. परंतु हे स्वातंत्र्य सर्वस्वी पोलिश परंपरेचे नव्हते. त्याचा काही भाग युद्धाने लादलेल्या एकटेपणातून आलेला होता.

तुलनेच्या मर्यादा

एखाद्या समाजाचा ‘स्वभाव’ थोडक्यात सांगणे अनेकदा दिशाभूल करणारे ठरते. वळिवड्यातील लोक सर्वसाधारण पोलिश समाजाचे अचूक प्रतिनिधी नव्हते. ते मुख्यतः पूर्वेकडील प्रदेशांतून आलेले, प्रियजन गमावलेले व सरकारी भत्त्यावर जगणारे लोक होते. कोल्हापुरी समाजही एकसंध नव्हता. मराठा, जैन, लिंगायत, ब्राह्मण, मुस्लिम व दलित कुटुंबांच्या रीतींत मोठा फरक होता. शिवाय छावणीची शाळा, चर्च व कारभार स्वतंत्र असल्याने दोन्ही समाजांचा संबंध बहुधा बाजार, रेल्वे स्थानक व शहरातील फेरफटका यांपुरता मर्यादित राहिला.

या मर्यादा लक्षात घेऊनही एक मूलभूत भेद सांगता येतो. कोल्हापुरी कुटुंबाची ओळख गाव, शेत, भावकी व कुलदैवत यांच्याशी म्हणजे जागेशी बांधलेली होती. पोलिश निर्वासितांची जागा हिरावली गेली होती. त्यामुळे भाषा, प्रार्थना, सण आणि स्वयंपाक यांवरच त्यांची ओळख टिकून राहिली. चालीरीती काटेकोरपणे पाळण्यामागे केवळ परंपरानिष्ठा नव्हती, तर कुटुंब आणि समाज म्हणून टिकून राहण्याची निकड होती.

छावणीची अखेर

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहील असे ठरले. वळिवड्यातील बहुतेक कुटुंबांची मूळ गावे याच भागात होती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनस्थित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. परतायचे कोठे, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक कुटुंबापुढे उभा राहिला. काही जण बदललेल्या पोलंडमध्ये परतले. सैनिकांची अनेक कुटुंबे ब्रिटनमध्ये गेली; इतरांनी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका आदी देशांची वाट धरली. बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुलेही काही काळ वळिवड्यात होती. १९४८ मध्ये वळिवडे छावणी बंद झाली.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच जागेवर वसवण्यात आले. ही वसाहत पुढे गांधीनगर या नावाने ओळखली जाऊ लागली आणि कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून प्रसिद्धीस आली.

स्मृती

छावणीत वाढलेल्या मुलांनी पुढे ब्रिटनमध्ये भारतातील पोलिश लोकांची संघटना स्थापन केली व आपल्या आठवणी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांच्या वास्तव्याचे स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये माजी छावणीवासीयांच्या व पोलंडच्या प्रतिनिधींच्या उपस्थितीत वळिवडे येथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. वॉर्सा येथेही कोल्हापूरचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यास भेट दिली.

हेही पाहा

कोल्हापूर संस्थान
राजर्षी शाहू महाराज
गांधीनगर (कोल्हापूर)
दिग्विजयसिंहजी जाडेजा
इरावती कर्वे